हळदीचा पुरावा आणि माहितीचा हिशेब

बँकेत असताना एक शिकलो. तिजोरीत किती आहे ते ताळेबंद सांगतो. वेळेवर किती मिळाले ते मात्र काउंटरसमोरचे गिऱ्हाईकच सांगू शकते.

१९९५ साली अमेरिकेने जखमेवरच्या हळदीचे पेटंट देऊन टाकले. आपल्या घरोघरच्या आज्यांना ठाऊक असलेली गोष्ट! पण तिथे तेव्हा आजीची साक्ष चालत नव्हती, छापील पुरावा लागायचा. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने तो शोधून मांडला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. ज्ञान होते, हाताशी नव्हते. पुढे अशा ज्ञानाचा संगणकीय संग्रह पाच परदेशी भाषांत झाला, तो याच धड्यातून.

आता २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आले आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके, सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना व संशोधकांना खुली. योजना चांगलीच आहे. पण हे झाले तिजोरीतले आकडे. तिचे मूल्यमापन करणाऱ्यांनी एखाद्या लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयात जाऊन बसावे. तिथल्या मुलीला हवा तो लेख कसा शोधायचा हे कुणी शिकवले का? तो तिला वेळेत मिळाला का? खरा ताळेबंद तिच्यापाशीच आहे.