गंजाला नको, निळ्या डागाला भ्या


‘ब्रेक डिस्कवर गंज दिसला की ती बदला’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला पटला नाही. त्र्यंबकेश्वरच्या पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बिडाच्या डिस्कवर तांबूस थर धरतोच. चार-पाचदा ब्रेक लावले की तो निघून जातो. काळजी करावी ती निळसर डागांची. कसारा घाट सतत ब्रेक दाबून उतरला, तर डिस्क फार तापून निळी पडते. तेव्हा तडे आणि खोल चरे तपासावेत; जाडी मायक्रोमीटरने मोजून डिस्कवर कोरलेल्या किमान आकड्याशी ताडून पाहावी. आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. नाहक खर्च टळेल, जीवही वाचेल.

– एक गॅरेज मेकॅनिक, त्र्यंबकेश्वर