बारापेड्याची गुहा आणि आमच्या बारवा

आमच्या हिंगोलीकडे दिवेलागणीला घरात पाकोळी शिरली की आधी झाडू शोधला जातो. वटवाघूळ म्हणजे अपशकुन, ओसाडीची खूण, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची. पण याच नकोशा कुळातल्या एका जातीने जाणकारांना तब्बल नव्वद वर्षे चकवले होते.

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पाहणीत तिथे एक आगळे वटवाघूळ मिळाले. पुढे झुकलेले मोठे कान, मानेमागे फिकट पट्टा, पडद्याबाहेर आलेली मोकळी शेपटी. ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली त्याचे वर्णन करून त्याला रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव दिले. शतक सरेपर्यंत साऱ्या जगात त्याचा हा एकच पत्ता ठाऊक होता. मग २००१ साली कंबोडियातली नोंद प्रसिद्ध झाली, पाठोपाठ मेघालयातली. कुठे बेळगाव, कुठे कंबोडिया!

ते एवढे उडत गेले काय? तसे नव्हे. शोधणारा माणूस तिथे उशिरा पोहोचला. पुस्तकातला नकाशा पुष्कळदा प्राण्याच्या वावराचा नसतो, पाहणाऱ्यांच्या पायपिटीचा असतो.

हिंगोलीने यातून काही शिकावे, असे मला वाटते. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला आमचा जिल्हा वसमतच्या हळदीचा आणि औंढ्याच्या नागनाथाचा म्हणून ओळखला जातो. वटवाघळांसाठी इथे कोण येणार? पण जुन्या बारवा, पडक्या गढ्या, अंधाऱ्या ओवऱ्या आमच्याकडेही आहेत, आणि त्यांना तेवढे पुरते.

जीर्णोद्धाराची हौस चांगलीच. मात्र आधी धूर आणि मग जाळी, ही रीत बरी नव्हे. बहुतेक वटवाघळांना एका वेळी एकच पिल्लू होते. ऐन विणीत वसाहत उठवली तर ती सावरायला वर्षे लागतात. शिवारातले किडे रात्रभर टिपणारा हा फुकटचा राखणदार आपणच हाकलतो.

घाण होते, वास येतो, रोगाचे भय वाटते, हे खरे. २०२० च्या कोरोनानंतर ते वाढलेही. त्यावर उपाय अंतर राखण्याचा: हात लावू नये, विष्ठा उकरू नये.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळखाऊ वटवाघळांना उपद्रवी ठरवले होते. ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने गेली. रॉटनच्या वटवाघळाला मात्र पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले, कारण त्याला नाव होते. ज्याची नोंदच नाही, त्याची बाजू कोण मांडणार?

म्हणून गावकऱ्यांना एवढेच सांगणे: बारवेला हात घालण्यापूर्वी जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मास्तरांना बोलवा. चार संध्याकाळी पोरांना काठावर बसवून बाहेर पडणाऱ्या पाकोळ्या मोजू द्या. विणीचा हंगाम टळू द्या, आणि एखादा अंधारा कोनाडा मोकळा ठेवा. बारव आपल्या पूर्वजांनी बांधली खरी. पण आपण तिच्याकडे पाठ फिरवली, तेव्हा तिथे वस्ती राखली ती या पाहुण्यांनीच.