चाक फिरते काय?

गेल्या वर्षीच्या शिवजयंतीला घाटाखालच्या एका गावी मिरवणूक पाहण्याचा योग आला. लेझीम होते, ढोल-ताशे होते, भगवे फेटे होते आणि सर्वांच्या पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एक भव्य तोफ होती. फायबरची, काळ्या रंगाने चकाकणारी, शहरातून दिवसाच्या भाड्याने आणलेली. माझ्या शेजारी उभा असलेला सातवीतला एक मुलगा बराच वेळ तिच्याकडे निरखून पाहत होता. शेवटी त्याने विचारले, "काका, हिचं चाक फिरते काय?"

चाक फिरत नव्हते. आरे, तुंबा, आस सारे एकाच साच्यातून एकसंध निघालेले होते. मी त्याला "नाही रे" एवढेच म्हणालो; पण तो प्रश्न माझा पिच्छा सोडीना. पूर्वजांच्या पराक्रमाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. परंतु ज्या साधनांनी तो पराक्रम गाजवला गेला, ती साधने कोणी घडवली, कशाची घडवली, कशी घडवली, याचे उत्तर आपल्यापैकी किती जणांना देता येईल?

बुलढाणा जिल्ह्याला तर हा प्रश्न टाळताच येणार नाही. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात आहे. आणि सीमेला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात असई आहे, जेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. लढाई आपण हरलो, पण इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत अथवा जखमी झाले, ते प्रामुख्याने मराठी तोफखान्याच्या माऱ्याने. आपले गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. जागच्या जागी कापले गेले. शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या आणि त्या इतक्या उत्तम निघाल्या की, आपल्या सैन्यात वापरण्याजोग्या आहेत अशी कबुली खुद्द वेलस्लीने दिली.

अभिमानाने ऊर भरून यावा असाच हा प्रसंग आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. महादजी शिंद्यांनी द्रष्टेपणाने कवायती कंपू उभारले ते फ्रेंच-सव्हॉयी सेनानी द बॉयन याच्या हाताखाली, आणि आग्र्याला तोफा ओतल्या जात त्या सँगस्टर नावाच्या एका स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली. भट्टीवर राबणारे हात आपले होते. मोजमाप, आराखडा आणि हुकूम परक्याचा होता. १८०३ साली युद्ध पेटताच अनेक युरोपीय अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांकडे गेले; सरसेनापती पेराँ यानेही तेच केले. तोफ विकत घेता येते, तोफ ओतणारा भाड्याने आणता येतो. पण ज्ञान आपल्या समाजाच्या हातात मुरलेले नसेल, तर ऐन प्रसंगी ते पाठ फिरवते.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर भाषणाने देण्यात अर्थ नव्हता. म्हणून आम्ही तोफ करायला घेतली. तो, त्याचा एक मित्र, मी आणि गावातले सत्तरी ओलांडलेले एक सुतार आजोबा. नमुना ठरवला त्या काळच्या सहा पौंडी मैदानी तोफेचा. तिची नळी साधारण पाच फूट लांब आणि चाकाचा व्यास सुमारे ५० इंच. आम्ही चौथाईचे प्रमाण धरले. म्हणजे नळी १५ इंच आणि चाक साडेबारा इंच. यंत्र एकही वापरायचे नाही, असे ठरले. करवत, रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट, कानस, गुण्या आणि शाळेच्या दप्तरातला कंपास, एवढाच संसार. नळी लाकडाची आणि भरीव ठेवली. तोंडाशी केवळ इंचभर खोल भोक. प्रतिकृती घडण समजण्यासाठी असते, उडवण्यासाठी नाही. दारू भरता येईल असे काही करणे जिवावर बेतणारे आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हाही ठरू शकते, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले.

लेथ नसताना सागाचा चौकोनी ठोकळा गोल करायचा कसा? आजोबांनी दाखवले. आधी चार कोपरे रंध्याने उतरवून अष्टकोन करायचा, मग आठ कडा उतरवून सोळा बाजू, आणि शेवटी कानस व पॉलिश पेपर. वर्तुळ म्हणजे अनंत बाजूंची आकृती, हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि तळहाताखाली त्या बाजू एकेक करून नाहीशा होताना अनुभवणे वेगळे. नळी बुडाकडे जाड आणि तोंडाकडे निमुळती. तिच्या दोन्ही बाजूंचे खुंट, ज्यांवर ती गाड्यावर तोलली जाते, ते तोलाच्या बिंदूच्या किंचित पुढे बसवावे लागतात. तरच बूड जड राहून खालच्या पाचरेवर टेकते आणि पाचर पुढे-मागे सरकवून मारा लांब-जवळ करता येतो. मुलांनी ते खुंट प्रथम बरोबर तोलाच्या बिंदूवरच बसवले. नळी डुगडुगत राहिली, टेकेचना. भोके बुजवून पुन्हा पाडावी लागली. तरफेचा धडा त्यांना आता विसरायला सांगितला तरी विसरता येणार नाही.

खरी कसोटी चाकाची होती. बारा आरे आणि परिघाचे सहा पुठे. कंपासात त्रिज्या धरून वर्तुळावर फिरवली की बरोबर सहा भाग पडतात, प्रत्येकाचा मध्य काढला की बारा. म्हणजे चाकाची आखणी कोनमापकाशिवाय होते. आरे बाभळीचे, कारण बाभूळ चिवट. गाडीच्या चाकालाही आजोबा तीच वापरत. आरे सरळ न बसवता बशीप्रमाणे किंचित कलते बसवायचे, म्हणजे खड्ड्यात गाडी एका अंगाला झुकली तरी चाक मोडत नाही. हे गणित आजोबांनी कोणत्याही महाविद्यालयात शिकलेले नव्हते.

मग लोखंडी धाव. चाकाचा परीघ सव्वाएकोणचाळीस इंच. मुलांनी पट्टी नेमकी तेवढ्याच मापाची करून घेतली. लोहाराने तापवली, चढवली, पाणी मारले आणि ती ढिलीच राहिली. दुसऱ्या वेळी उत्साहाच्या भरात अर्धा इंच लहान केली. ती लाल झाली तरी चढेना. तिसऱ्या वेळी जेमतेम दोन सूत लहान केली; तापून फुगली, चढली, आणि पाणी पडताच आवळत आवळत साऱ्या आऱ्यांना तिने तुंब्यात करकचून बसवले. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, या वाक्याला परीक्षेत एक गुण असतो. त्या दोघांनी तो गुण तीन वेळा घाम गाळून मिळवला.

रविवार-रविवार करून या कामाला चार महिने लागले. एवढा वेळ मुलांनी असल्या उद्योगात का घालवावा, असे त्यांच्या पालकांनी मला विचारलेही. हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गीय घरांच्या मनोवृत्तीचा आरसा आहे. विज्ञान प्रदर्शन जवळ आले की आपण बाजारातून तयार प्रतिकृती आणतो, तिच्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी चिकटवतो आणि बक्षिसाचे छायाचित्र काढतो. कार्यानुभवाचा तास गणिताच्या जादा तासाला दिला जातो आणि त्याची खंत कोणालाही वाटत नाही. आपल्याच विदर्भात, वर्ध्याला, १९३७ साली हस्तोद्योगाला शिक्षणाचा केंद्रबिंदू मानणारी नयी तालीम मांडली गेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावीपासून व्यवसाय-शिक्षण आणि स्थानिक कारागिरांजवळ शिकण्याचे दप्तरविना दहा दिवस सुचवले आहेत. कागदावर उणीव नाही. उणीव आहे ती मुलाच्या हाती पटाशी देण्याची आपली तयारी असण्यात.

महाराष्ट्रात हे करून दाखवणारी माणसे झाली आहेत. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील मोठे पद सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळला विज्ञान आश्रम उभारला आणि ग्रामीण मुलांना सुतारकाम, वेल्डिंग, बांधकाम, शेती प्रत्यक्ष करीत विज्ञान शिकवले. पुण्यातच भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून लघुरेल्वेचे अवघे नगर उभे केले आणि १९९८ पासून ते लोकांना पाहण्यास खुले झाले. छंद म्हणून सुरू झालेले काम किती पिढ्यांची दृष्टी घडवते, याचे ते उदाहरण आहे.

कोणी म्हणेल, आता संगणकावर आकृती काढली की थ्रीडी प्रिंटर वस्तू छापून देतो. मग कानस कशाला घासायची? प्रिंटर जरूर यावेत. अटल टिंकरिंग प्रयोगशाळांतून ते अनेक शाळांत आलेही आहेत. पण लाकूड रेषेच्या आड कापले तर चिरते, पोलाद तापून फुगते, दोन भाग बसण्यासाठी केसभर मोकळीक ठेवावी लागते, हे पडदा सांगत नाही. पदार्थ सांगतो, आणि तो केवळ हाताशी बोलतो. ज्याने कानशीने एक पृष्ठ सपाट करण्याचा प्रयत्न केला आहे, त्यालाच यंत्र नेमके काय करते हे समजते. तोच उद्या अधिक चांगले यंत्र घडवू शकेल.

यात राष्ट्रहिताचाही भाग आहे. १९८६ साली बोफोर्सच्या ४१० तोफांचा करार झाला, त्यासोबत तंत्रज्ञानाचे कागदही आले. पण त्या आराखड्यांच्या पायावर विकसित झालेली स्वदेशी 'धनुष' सैन्याच्या हाती पडायला एप्रिल २०१९ उजाडले. मार्च २०२५ मध्ये ३०७ स्वदेशी ओढतोफांचा करार झाला. त्यांचे संकल्पन पुण्याच्या आयुध संशोधन संस्थेचे आणि त्यांतील मोठा वाटा पुण्याच्याच भारत फोर्जचा. मलकापूरहून रेल्वेत बसले की तासाभरात भुसावळ येते. तेथे आणि जवळच्या वरणगावला संरक्षण उत्पादनाचे कारखाने आहेत. तेथे कुशल हात लागतात. ते हात आपल्या गावातून गेले पाहिजेत, असे आपल्याला वाटत नाही का?

आणि शेवटचा मुद्दा सर्वांत जवळचा. आमचे सुतार आजोबा म्हणाले की, त्यांनी शेवटचे गाडीचे चाक केले त्याला पंचवीस वर्षे झाली. ट्रॅक्टर आला, रबरी टायरची गाडी आली, त्यांची मुले शहरात गेली. चाक कसे करतात, हे इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारलेही नव्हते. समरसता आपण व्यासपीठावरून पुष्कळ सांगतो. ज्या बलुतेदारांच्या हातांनी गाव चालला, त्यांच्यासमोर विद्यार्थी म्हणून आपली मुले बसवणे, ही समरसतेची याहून साधी आणि खरी रीत कोणती? ही माणसे आपल्यात आहेत तोवरच हे शक्य आहे. दहा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.

म्हणून सूचना साधी आहे. प्रत्येक संस्कारवर्गात, वसतिगृहात, शाळेत एक मजबूत टेबल, एक शिकंजा आणि दहा-बारा हत्यारे असावीत. गावच्या सुताराला आणि लोहाराला आठवड्यातून एकदा सन्मानाने आणि मानधन देऊन बोलवावे. मुलांनी बैलगाडी करावी, विहिरीवरची मोट करावी, खामगाव-मलकापूरच्या कापूस-जिनिंगचे यंत्र प्रमाणात करावे, तोफ करावी. वस्तू भाड्याची नसावी आणि तिचे चाक फिरावे, एवढीच अट.

दिवाळीत आम्ही ती तोफ मुलांच्या किल्ल्यापुढे मांडली. किल्ल्याच्या मानाने ती फारच मोठी दिसत होती. शेजारची एक लहान मुलगी आली, तिने काहीही न विचारता तोफेला हलकेच ढकलले. चाक फिरले. सुतार आजोबा ओट्यावर बसून पाहत होते.