आकाशातही पुरावाच चालतो!

गरिबाच्या देशात अवकाशातील दुर्बिणी कशाला, असा सवाल केला जातो. सवाल रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच : पुराव्यासाठी!

१९९२ साली रॉबर्ट डंकन व ख्रिस्तोफर थॉम्पसन यांनी महाचुंबकी न्यूट्रॉन ताऱ्याची, म्हणजे मॅग्नेटारची कल्पना मांडली. विद्वानांनी सांगितले म्हणून ती सिद्ध ठरली नाही. क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात, म्हणून साक्ष अवकाशातूनच घ्यावी लागली. १९९८ साली क्रिसा कुवेलिओटू व सहकाऱ्यांनी 'रॉसी' उपग्रहाच्या मदतीने 'एसजीआर १८०६-२०' हा तारा तपासला. साडेसात सेकंदांत एक फेरी, आणि गती सतत मंदावणारी! त्या मंदावण्यावरून चुंबकत्वाचा हिशेब लागला : पृथ्वीच्या कोटी कोटी पटींहून अधिक. याच ताऱ्याच्या २७ डिसेंबर २००४ च्या स्फोटाने हजारो प्रकाशवर्षे दूर असलेल्या आपल्या पृथ्वीचे वरचे वातावरणही ढवळले.

१ जानेवारी २०२४ रोजी भारताने क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजणारा 'एक्स्पोसॅट' सोडला. आमची मागणी साधी आहे. खर्च जनतेचा, तर ज्ञानही जनतेचे. तालुक्याच्या कॉलेजातील मुलामुलींनाही ही मोजमापे वाचायला शिकवा. पुरावा तपासायला शिकलेला माणूस कुणाच्याही शब्दावर मान डोलावत नाही.