लाल स्वेटर आणि बंद पाकीट

‘फ्रेंड्स’ या अमेरिकन विनोदी मालिकेच्या आठव्या पर्वात, 2001 साली, रेचेलला दिवस गेलेले असतात आणि बाप कोण हे तिच्या मैत्रिणींना ठाऊक नसतं. हाती पुरावा म्हणून एक लाल स्वेटर, कुणीतरी विसरून गेलेला. त्या धाग्यावरून मैत्रिणी भलत्याच तरुणाला बोलावून बसतात आणि ऐनवेळी रॉस, म्हणजे रेचेलचा जुना प्रियकर, आत येऊन तो स्वेटर आपला म्हणून ओळखतो. प्रेक्षक खो खो हसतात. इंदूरच्या मराठी घरांतली तरुण मंडळी हे भाग मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहतात. त्याच घरांतली मोठी माणसं सानंद न्यास या तिथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकांची वर्षभर वाट पाहतात. या दोन्ही प्रेक्षकांना एकत्र बसवून असा भाग मराठीत दाखवला, तर तो चालेल का, आणि चालावा का?

चालेल, यात मला शंका नाही. जुनी चिठ्ठी सापडणं, लग्नघरात नको त्या वेळी जुनं पात्र उगवणं, यावर मराठी रंगभूमीनं किती पिढ्या हसवलं आहे. प्रश्न फक्त दुसरा उरतो.

‘चालू नये’ म्हणणाऱ्यांना सोवळे ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांच्या बाजूला नाटककार विजय तेंडुलकर उभे आहेत. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये रंगमंचावर आलं. त्यातही सुरुवातीला गंमतच असते. वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला, हौशी नटमंडळी, हशा. मग तो खेळ त्यांच्यातल्याच लीला बेणारेच्या पोटातल्या मुलापाशी येतो आणि सगळे सभ्य पुरुष न्यायाधीश होतात. त्या मुलाचे वडील, प्राध्यापक दामले, त्या खोलीत येतच नाहीत. त्यांना जाब विचारायची कुणाला गरजही वाटत नाही. बापपणाच्या विनोदाचा भार आपल्याकडे बाईच उचलते हे तेंडुलकरांनी दाखवलं, आणि ते अजून खोटं ठरलेलं नाही.

तरी लाल स्वेटरचा प्रसंग मला त्याच पंगतीत बसवता येत नाही. तिथे अनिश्चितता रेचेलची नाहीच. तिला पहिल्यापासून माहीत आहे, कोडं बाकीच्यांना पडलंय. तिच्या चारित्र्यावर कुणी शब्द काढत नाही. हशा होतो तो इतरांच्या तर्कटावर आणि पुरुषांच्या उडालेल्या तारांबळीवर. जी गोष्ट घरात कुजबुजत बोलली जाते ती उजेडात आणून तिचं भय घालवणं हे विनोदाचं जुनं काम आहे. आणि विनोदावर कुलूप लावण्याचं काय होतं ते इंदूर शहरानं पाहिलं आहे. 1 जानेवारी 2021 ला मुनव्वर फारूकी या विनोदी कलाकाराला इथल्या एका कॅफेतल्या कार्यक्रमातून अटक झाली आणि जामीन मिळाला तो 5 फेब्रुवारीला, थेट सर्वोच्च न्यायालयातून. न आवडणाऱ्या विनोदाला ते उत्तर नव्हे.

मालिकेबाहेर ‘बाप कोण’ हा प्रश्न कसा हाताळला जातो ते मात्र पाहायला हवं. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 112 सांगत होतं की विवाह कायम असताना, किंवा तो संपल्यावर 280 दिवसांच्या आत आणि आईनं पुन्हा लग्न केलेलं नसताना, जन्मलेलं मूल नवऱ्याचंच. गर्भधारणेच्या काळात दोघांना एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध केलं तरच सुटका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम 116 म्हणून आली आहे. डीएनएचा शोध लागला, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, तरी कायद्यानं ही पाचर काढलेली नाही. काही गोष्टी अंधारात राहिलेल्या बऱ्या, कारण उजेडाची किंमत पोराला मोजावी लागते, असा त्यामागचा हिशेब.

हा हिशेब दर वेळी जुळतोच असं नाही. विदर्भातल्या एका पोटगीच्या खटल्यात दोनदा डीएनए तपासणी झाली, आधी नागपूरला आणि मग हैदराबादला. दोन्ही अहवालांनी नवरा बाप नसल्याचं सांगितलं. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विज्ञानाची बाजू उचलून धरली. त्या माणसावर दुसऱ्याच्या मुलाचं पितृत्व लादणं अन्यायाचंच झालं असतं, हे नाकारता येत नाही. उलट फेब्रुवारी 2023 मध्ये पुण्यातल्या एका घटस्फोटाच्या दाव्यात त्याच न्यायालयानं मुलाची तपासणी करायला नकार दिला. आईचा व्यभिचार सिद्ध करायचा तर इतर पुरावे आणा, त्यासाठी पोराला वापरू नका, असा त्या निकालाचा रोख होता. मला हा निकाल जास्त पटतो.

दोन्ही खटल्यांत विचारणारा नवरा होता. विनोदी मालिकांतही बहुधा तोच विचारतो, आणि तपासणीच्या अहवालाचं बंद पाकीट उघडलं की भाग संपतो. मुलानं विचारलं तर गोष्ट पालटते. रोहित शेखर यांनी नारायण दत्त तिवारी आपले वडील आहेत असं सांगत 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला. दोन राज्यांचं मुख्यमंत्रिपद भूषवलेल्या तिवारींनी रक्त द्यायला शेवटपर्यंत खळखळ केली. मे 2012 मध्ये देहरादूनला नमुना घेतला गेला तेव्हा ते 86 वर्षांचे होते. अहवाल गुप्त ठेवण्याची त्यांची विनंती फेटाळून 27 जुलैला तो जाहीर झाला आणि रोहितचं म्हणणं खरं ठरलं. 2014 मध्ये तिवारींनी त्याला मुलगा मानलं आणि त्याच्या आईशी लग्नही केलं. देशभर चेष्टा झाली ती म्हाताऱ्याच्या प्रेमप्रकरणाची. ऐन तिशीतला मुलगा आपल्या नावासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय, यात हसण्यासारखं काय आहे हे कुणी फारसं विचारलं नाही.

तेव्हा माझा कल असा की मोठ्यांच्या लपवाछपवीवर खुशाल हसावं, पण पाकीट उघडायचा पहिला हक्क मुलाचा मानावा. अर्थात ही फूटपट्टीही सगळीकडे लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये केरळमधल्या एका तरुणाला, त्यानं स्वतः मागणी करूनही, सर्वोच्च न्यायालयानं तपासणी नाकारली. ज्या परक्या माणसाकडे तो बोट दाखवत होता त्याचं खासगी आयुष्य, आणि आईची अब्रू, न्यायालयाला जड वाटली. मला तो निकाल थोडा कठोर वाटतो, चुकीचा म्हणवत नाही.

मालिका लिहिणाऱ्यांबद्दल माझी खरी तक्रार पावित्र्याची नाही, पैशाची आहे. खऱ्या आयुष्यात पितृत्वाचा प्रश्न पुष्कळदा जुन्या प्रेमातून नव्हे, पोटगीच्या अर्जातून उठतो. पोटगी म्हणजे काय हे इंदूरला कुणी शिकवायला नको. शाहबानो या घटस्फोटित महिलेला इथल्या दंडाधिकाऱ्यांनी 1979 मध्ये महिना 25 रुपये पोटगी दिली, उच्च न्यायालयानं ती 179 रुपये 20 पैसे केली आणि 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. 2024 पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ज्या कलम 125 खाली हा दावा चालला, ते मुलांच्या बाबतीत औरस-अनौरस असा भेद करत नव्हतं. बाप ठरला की दूध, फी, औषध, सगळं त्याच्या नावावर. पडद्यावरचा जुना प्रियकर पितृत्वाच्या बातमीनं गहिवरतो, मिठी मारतो आणि जाहिराती लागतात. महिन्याच्या एक तारखेला तो काय करतो, हा भाग अजून कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. लिहिला तर तो अधिक विनोदी होईल असा माझा अंदाज आहे.