जमा करणं म्हणजे विकणं नव्हे

कोकणात बंदूक ही काही रुबाबाची वस्तू नव्हे. भात पोटरीला आलं की रानडुकरं येतात, नारळीवर माकडं. म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ती बंदूक. बहुतेकदा नुसता बार काढायचा, कारण १९७२चा वन्यजीव कायदा आहेच.

आमच्या काकांची अशीच एक होती. ते गेले आणि तेराव्याच्या आत ठरलंसुद्धा, 'घरात आता बाईमाणूस, बंदूक कशाला?' मिळेल त्या भावाने विकली. काकूला सहीपुरतं बोलावलं. वाडी मात्र अजून तीच राखते, पत्र्याचा डबा बडवत. "तेंची आठवण म्हणान तरी ठेवूक होयी होती गो," म्हणते.

मैत्रिणींनो, मला बंदुकीचं प्रेम नाही. लहान पोरं असलेल्या घरात ती नसलेलीच बरी. पण दागिना मोडताना बाईला निदान विचारतात तरी!

परवानाधारक गेल्यावर बंदूक तशीच घरात ठेवता येत नाही, जमा करावीच लागते. पण जमा करणं म्हणजे विकणं नव्हे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे वारसाला परवाना मागता येतो, आणि वारसांत पत्नी, मुलगी, सूनही येते. चौकशी होते, नकारही मिळू शकतो. मग विकायची तर विका. फक्त मुदत सांभाळा, ती उलटली तर बंदूक सरकारजमा होते. आणि जमा केल्याची पावती दिराकडे नको, स्वतःच्या कपाटात ठेवा.