पत्त्याच्या पानाएवढा संगणक चालू होईना तर



कॉलेजात जाणारी आपली मुले हल्ली घरी एक लहानशी हिरवी पट्टी आणतात. तिचे नाव रास्पबेरी पाय. मुलांना स्वस्तात संगणक शिकता यावा म्हणून इंग्लंडातील केंब्रिज येथे ती तयार झाली व २०१२ साली बाजारात आली. टीव्ही, कीबोर्ड आणि माऊस जोडला की झाला पुरा संगणक. जमिनीतील ओल मोजण्याच्या खटपटीसाठीही मुले ती वापरतात.

एका भगिनीचे पत्र आले आहे. कापसाच्या पैशातून मुलाला ‘पाय ४’ घेऊन दिला, पण टीव्हीवर काहीच दिसत नाही. घरातले म्हणतात, पैसे पाण्यात गेले आणि पोरगा अभ्यास सोडून भलत्याच नादाला लागला.

पैसे गेले असे इतक्यात धरू नये. पान पिवळे पडले की आधी मुळाशी पाणी साचले आहे का ते पाहावे, युरियाची गोणी मागाहून. (पुष्कळजण आधी गोणीच फोडतात, तो भाग वेगळा!) इथे मूळ म्हणजे वीज. पट्टीवरचा लाल दिवा स्थिर लागला पाहिजे. पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात. घरातला मोबाईलचा चार्जर तेवढे देईलच असे नाही. त्यावर ‘६७ वॅट’ असे ठळक छापलेले असले तरी ५ व्होल्टला किती अँपिअर, ते बारीक अक्षरांत वाचावे. केबलही आखूड व जाड हवी. लांब, बारीक वायरीवर मोटार नुसती हुंकारते ना, तसेच याचे होते. चालू झाल्यावर पडद्यावर विजेचे चिन्ह दिसले तर दाब कमी पडतो आहे असे समजावे.

लाल दिवा ठीक, पण हिरवा लुकलुकत नाही, तर संशय कार्डावर घ्यावा. या संगणकाचा सारा कारभार नखाएवढ्या कार्डावर चालतो. गाणी भरतो तशी फाईल कार्डात टाकून भागत नाही. दुसऱ्या संगणकावर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हा मोफत प्रोग्राम घेऊन त्यानेच कार्ड लिहावे लागते. त्यात कार्डावरचे जुने सारे पुसले जाते, तेव्हा लग्नाचे फोटो आधी काढून ठेवा. नाव व पासवर्डही तिथेच ठरवावा. जुन्या पुस्तकांत ‘पाय’ आणि ‘रास्पबेरी’ अशी तयार जोडी दिलेली असते. एप्रिल २०२२ पासून ती बंद झाली आहे. पुष्कळ मुले तिथेच अडून बसतात.

दोन्ही दिवे ठीक आणि पडदा काळा? पाय ४ ला टीव्हीच्या केबलसाठी दोन खाचा आहेत. वीज जोडतो त्या खाचेजवळची वापरावी. टीव्ही आधी लावावा, मग पट्टीला वीज द्यावी.

तपासताना एका वेळी एकच वस्तू बदला. चार्जर, कार्ड व केबल एकदम बदलली तर दोष कशात होता ते कळणार नाही.

आपल्याकडे कार्डे खराब होण्याचे एक मोठे कारण म्हणजे अचानक जाणारी वीज. मुलांनी काम संपल्यावर मेनूतून संगणक बंद करावा, हिरवा दिवा थांबू द्यावा, मगच बटण दाबावे. चालू झालेल्या कार्डाची एक नक्कल करून ठेवावी. पाय ४ मध्ये बॅटरीवरचे घड्याळही नाही. शेतात इंटरनेट नसेल तर वीज येऊन गेल्यावर वेळ चुकते आणि ओलीच्या नोंदी भलत्याच तारखेला पडतात.

पट्टीवरील ४० पिनांना तारा जोडताना वीज बंद ठेवावी. माहिती घेणाऱ्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत; ५ व्होल्ट दिले की जळाल्या. पंपाची जोडणी मात्र मुलांनी करू नये. ती वायरमनकडून करवून घ्यावी, आणि हाताने चालणारा स्टार्टर काढू नये.

पत्र पाठविणाऱ्या भगिनीने असे करावे: कार्ड, टीव्ही, सारे काढून केवळ योग्य चार्जर लावावा. शक्यतो ज्याचा पाय चालू आहे अशा मुलाकडून तो मागून आणावा. तरीही लाल दिवा लागला नाही, तर पावती घेऊन दुकान गाठावे. लागला, तर कार्ड नव्याने लिहायला मुलाला एक संध्याकाळ द्यावी.